आतला, बाहेरचा आणि गळका नळ

'ध्रुवापार' मालिकेचा त्या रविवारचा भाग संपला, तेव्हा पडद्यावर एक दार होतं आणि दाराच्या कडीवर एक हात.

दाराबाहेर यानाचा चालक उभा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, किती आकाशं तुडवून बापडा आपल्या उंबऱ्याशी पोचलेला. आणि दाराच्या आत, जेवणाच्या टेबलाशी, पुन्हा तोच चालक. म्हणजे तो नव्हे, त्याचं प्रतिरूप. कुठल्याशा निळ्या ग्रहावरच्या उजेडानं ते घडवलं आणि खऱ्याच्या आधी घरी धाडून दिलं. तोच चेहरा, तेच कपाळ, हनुवटीवरची तीच खोक. बायको त्याच्याबरोबर वर्षभर सुखानं नांदली होती. आता ती दाराशी उभी, हात कडीवर. बाहेरचा म्हणतो, "मी आलो." आतला म्हणतो, "कोण आहे गं?" आवाज दोघांचा एकच. तेवढ्यात वाद्यं वाजली आणि नटांची नावं वर सरकू लागली.

"हे काय!" काटेकोर खुर्चीतून अर्धे उठले. "घेतलं कुणाला मग आत?"

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतले तराजू तपासायचे, खोटी वजनं पकडायची, खऱ्यावर शिक्का मारायचा, असं आयुष्य गेलेलं. बिल्डिंगमधल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं आणि त्यांना ते आवडलं होतं, कारण त्यातली थट्टा त्यांच्या कधी लक्षातच आली नाही.

मालिकेबद्दल त्यांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. यानाची दारं उघडताना फुस्स असा आवाज का होतो? इतकं पुढारलेलं विज्ञान, त्यांना दाराला तेल घालता येत नाही? यानात कुणी आंघोळ करताना दिसत नाही, मग केस कसे चमकतात? आणि जिथे वजनच नाही तिथे माणसं सामान तोलून कसं देतात घेतात? हा शेवटचा प्रश्न त्यांच्या काळजाचा होता. पण आजचा भाग निराळा होता. आजच्या भागानं तक्रार करू दिली नव्हती. काटा टोचून ठेवला होता.

बायको सोफ्यावर मटार सोलत बसली होती. मालिका ती कानांनीच बघायची. तिला शब्दाला शब्द जुळवायची सवय. काम करता करता चालीत काहीतरी बांधायची आणि कामाबरोबरच विसरून जायची. आताही ती गुणगुणली,

"एक उभा दारी, एक बसला आत,
कडीवर बाई माझा अडलेला हात."

"गाणी नंतर," काटेकोर म्हणाले. "मला सांग, तू असतीस तर? बाहेर मी, आत मीच. कुणाला घेतलं असतंस?"

ती शेंग फोडता फोडता थांबलीसुद्धा नाही.

"जो नळ दुरुस्त करेल त्याला."

स्वयंपाकघरातला नळ त्या वेळीही गळत होता. टप. मग बराच वेळ काही नाही. इतका की आता थांबला असं वाटावं. मग पुन्हा टप. काटेकोर त्याला "उद्या बघतो" म्हणत आले होते. किती उद्या झाले ते नळालाच ठाऊक.

"मी गंभीरपणे विचारतोय."

"मीही गंभीरपणेच सांगतेय," ती म्हणाली आणि मटारचं भांडं उचलून आत गेली.

झालं. दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. काटेकोरांना आलं नाही. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, आणि ही म्हणते दोघांतला कुठलाही चालेल, नळापुरता! म्हणजे उद्या निळ्या ग्रहावरून कुणी हुबेहूब उतरला आणि त्याच्या हातात पाना असला, तर हिला पत्ताही लागणार नाही की आपला नवरा बाहेर जिन्यात ताटकळतोय?

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वाटेवर हाच विचार. त्यांच्या कपाटात मखमली खणाच्या पेटीत एक पितळी वजन असे. तेच प्रमाण. बाकी सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघायची. त्याला बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं, कारण बोटाच्या घामानंही ते जड होतं. काटेकोर त्या वजनाकडे बघत बसले. खोटं वजन ओळखायचं तर जवळ खरं हवं. पण आपलं खरेपण कुठल्या पेटीत ठेवलंय? ते बायकोकडे आहे असं आपण धरून चाललो होतो. तिच्याकडेच नसेल तर?

आणि मग त्यांना तो विचार सुचला, ज्यातून पुढचं सगळं झालं. चाचणी घ्यायची. वजनाची घेतो तशी. पुढच्या रविवारच्या भागापर्यंत घरात आपण प्रतिरूप होऊन राहायचं. मालिकेतला आतला माणूस खऱ्याहून किंचित बराच होता: बायकोचं बोलणं मधे न तोडता ऐकायचा, वस्तू जागच्या जागी ठेवायचा, घोरायचा नाही. शेवटचं हातातलं नव्हतं. बाकीचं जमण्यासारखं होतं. तिनं आठवड्यात एकदा जरी विचारलं, "अहो, तुम्हाला झालंय काय?" तरी आपण जिंकलो. नाही विचारलं तर...

पुढचा विचार त्यांनी पेटीत घालून झाकण लावलं.

त्यांचा ओला टॉवेल आंघोळीनंतर पलंगावर पडायचा, आणि तोही बायकोच्या बाजूला. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. त्यावरून घरात रोज सकाळी "अहो!" अशी हाक उठे. त्या हाकेवर खालचे लोक घड्याळ लावत. त्या सोमवारी कचेरीतून आल्यावर त्यांनी आंघोळ केली, टॉवेल पिळला, झटकला आणि गॅलरीतल्या दांडीवर चौकोनी घडी करून वाळत घातला. कोपऱ्याला कोपरा. मग दारामागे उभे राहून बघत राहिले.

बायको आली. टॉवेल पाहिला. घडीवरून एकदा हात फिरवला. आणि निघून गेली.

"अगं," त्यांनी जेवताना विचारलं, "काही विशेष?"

"विशेष काही नाही. तुमच्याकडे?"

"नाही."

रात्रीच्या बातम्या लागल्या. निवेदिकेनं एक आकडा साफ चुकीचा वाचला. एरवी काटेकोरांनी चमचा टेबलावर आपटून तिला तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. त्या रात्री ते गप्प बसले. त्यांच्या मानेची शीर उडत होती. बायकोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग बातम्यांकडे.

मंगळवारी तिनं सांगितलेला तिच्या मावसबहिणीचा लांबलचक किस्सा त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. शेवट आधी माहीत असूनही. बुधवारी तर ते स्वतःहून माळ्यावर चढले. त्या माळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, पण ती सांगू लागलो तर ते खाली उतरायचेच नाहीत. एवढं पुरे की तिथे एक मोडका पंखा होता, त्यावर एक मोडका पंखा होता, आणि दोन्ही "उपयोगी पडतील" म्हणून ठेवलेले होते. काटेकोरांनी ते भंगारवाल्याला दिले. डोळे मिटून दिले.

बायको म्हणाली, "छान झालं." बस्स. छान झालं!

भिंतींना मात्र कान असतातच, आणि त्या बिल्डिंगच्या भिंतींना तोंडही होतं. सकाळची "अहो!" बंद झाली, तशी वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर काळजीत पडली. जिन्यात तिनं काटेकोरांना गाठलं.

"काका, जबडा दुखतोय का?"

"नाही. का?"

"तीन सकाळी तुमचं भांडण ऐकू आलं नाही. माणूस एकतर दातांनी गप्प होतो नाहीतर मनानं. दात असतील तर या, बघते. मन असेल तर माझा इलाज नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि काका, तो टॉवेल घडी करायचं जरा बेतानं घ्या. गच्चीतून दिसतं सगळं. मी घरी ह्यांना दाखवलं, 'बघा, शिका.' तर हे माझ्याशी बोलत नाहीत कालपासून."

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. त्यांची खिडकी नेमकी जिन्याकडे. येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांच्या नजरेतून चाळून निघायचा. त्यांनी काटेकोरांना आत बोलावून खुर्ची दिली.

"साहेब, खरं सांगा. घरात काही मागायचंय का? नवीन काही घ्यायचंय? मित्रांबरोबर कुठं जायचंय?"

"काही नाही हो."

"मग तब्येत. तपासून घ्या. आमच्या साडूंचं असंच झालं. आठवडाभर इतके गोड वागले की बायकोनं डॉक्टरला बोलावलं."

"मग? काय निघालं?"

"काही नाही. पण डॉक्टर आल्यावर ते जे चिडले, ते आजतागायत चिडलेलेच आहेत."

म्हणजे सगळ्या जगाला कळलं होतं! डॉक्टरीणबाईला कळलं, सेक्रेटरींना कळलं, गच्चीतल्या कबुतरांनासुद्धा कळलं असेल. फक्त जिला कळायला हवं, ती घरात बसून शांतपणे बटणं शिवत होती. काटेकोरांचा स्वाभिमान असा दुखावला की त्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागलं.

आता एकच उरला होता. नळ.

ते गुरुवारी प्लंबरला घेऊन आले. प्लंबरनं नळाकडे पाहिलं, ओठ मुडपले, नळाला हात लावला आणि तो खालून फुटला. बारीकशी कारंजी उडाली. प्लंबर म्हणाला की आतली चकती झिजलीय ते राहू द्या, मागचा व्हॉल्व्हच गंजून गेलाय. तो काढायचा तर बिल्डिंगची मेन लाइन बंद करायला हवी, आणि ती बंद करायची तर पाणीखात्याची परवानगी. नळाला फडकं बांधून तो निघून गेला. टप टप आता धार झाली होती.

पाणीखात्याच्या कचेरीत एक लांब टेबल, एक खिडकी आणि खिडकीत एक कारकून. काटेकोरांनी अर्ज लिहिला, सही केली. कारकुनानं त्यांच्या जुन्या कागदावरची सही काढली, नवी सही तिच्या शेजारी धरली आणि मान हलवली.

"ही तुमची सही नाही."

आणि ती नव्हतीच. काटेकोरांची खरी सही म्हणजे शाईत बुडालेली मुंगी कागदावरून पळाली तर उमटेल तशी. पण प्रतिरूप नीटनेटकं राहायचं ठरलेलं. चार दिवसांच्या सवयीनं हातानंही ऐकलं होतं, आणि अक्षर न अक्षर वाचता येईल अशी सुबक सही उमटली होती.

"अहो, मीच आहे तो."

"ओरिजिनल कुठे आहेत?"

"मीच ओरिजिनल!"

"तसं सगळेच म्हणतात," कारकून जांभई देत म्हणाला. "ओळखीची दोन माणसं आणा. समोर सांगू देत की हे तेच आहेत."

ज्यानं जन्मभर इतरांच्या वजनांवर खऱ्याखोट्याचा शिक्का मारला, त्यानं खिडकीपुढे उभं राहून आपण आपणच असल्याची माणसं गोळा करावीत! पण घरी धार चालू होती. काटेकोरांनी फोन केला, आणि थोड्या वेळानं सेक्रेटरी आणि डॉक्टरीणबाई रिक्षानं आले.

"हे तेच का?" कारकुनानं विचारलं.

"दिसायला तेच आहेत," सेक्रेटरी सावधपणे म्हणाले. सेक्रेटरीपदानं त्यांना सगळ्याच बाबतींत सावध केलं होतं. "पण आता लेखी द्यायचं म्हणजे... आमचे साहेब टॉवेलची घडी करत नाहीत. हे करतात."

"अहो सेक्रेटरी!"

"बघा, आमचे साहेब एवढ्यात अंगावर आले असते. हे नुसते 'अहो' म्हणाले."

"डॉक्टर, तुम्ही तरी सांगा," काटेकोर कळवळून म्हणाले.

"मी दातांखेरीज कशाची खात्री देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तोंड उघडा."

कचेरीतले सगळे माना उंचावून बघू लागले. काटेकोरांनी तोंड उघडलं. पण ते दात दाखवायला नव्हे. त्यांची नजर खिडकीमागच्या टपालाच्या काट्यावर गेली होती. त्या काट्याच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती, आणि वर पाकीट नसताना त्याचा काटा शून्यापासून केसभर पुढे उभा होता. केसभर! चार दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. चुकीचा आकडा, मावसबहीण, दोन पंखे, सगळं.

"हा काटा कुणाचा? हे काय चाललंय? रिकामा असून पुढे? म्हणजे पत्र न टाकताच त्याचं वजन? सरकारी कचेरीत? कोणी ठेवला हा इथे? सपाट जागेवर का नाही? खाली घडी केलेला पुठ्ठा कशाला घातलाय? शिक्का कुठाय यंदाचा?" ते टेबलावर इतके वाकले की कारकून खुर्चीसकट मागे सरकला.

"हेच ते!" सेक्रेटरी आणि डॉक्टरीणबाई एका तोंडानं ओरडले.

"शंभर टक्के हेच," सेक्रेटरी म्हणाले. "कुठे सही करू?"

कारकुनानं परवानगी दिली. काटा कागदानं झाकून दिली.

त्या संध्याकाळी नळ दुरुस्त झाला. नवा व्हॉल्व्ह, नवी चकती, नवी तोटी. घर एकदम गप्प झालं. इतकी वर्षं त्या टप टपीवर घराचा श्वास चालला होता, हे तेव्हा कळलं. काटेकोर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आता तरी ती वळेल. म्हणेल, अहो, तुम्ही? नळ? झालंय काय तुम्हाला?

ती ओटा पुसत होती. फडक्याच्या चालीवर तिचे शब्द चालले होते,

"नळ नाही गळत, दार नाही वाजत,
घर कसं बाई, पाहुण्याला लाजत."

"चांगलं जमलंय," प्रतिरूपाला शोभेल अशा मऊ आवाजात काटेकोर म्हणाले, आणि बाहेर येऊन बसले. खोटं वजन केसभरानं पकडणाऱ्या त्या माणसाला त्या दोन ओळींत काय तोललं होतं ते उमगलं नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. टॉवेल घडी होत राहिला. त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली: हिला आतलाच आवडतो. मग आता बाहेरच्यानं काय करायचं? दाराशी तसंच उभं राहायचं, कुणाला त्रास न देता? मालिकेतल्या त्या दाढीवाल्या चालकाची त्यांना इतकी दया येऊ लागली की बसमध्ये डोळे भरून आले आणि शेजारच्या माणसानं खिडकी लावून घेतली.

रविवार उजाडला तसा मावळला. 'ध्रुवापार' लागलं. काटेकोर खुर्चीच्या काठावर. आता ती कडी निघेल आणि एकदाचं कळेल.

पडद्यावर पिवळा ग्रह आला. पिवळ्या ग्रहावर दुसरंच यान, दुसरीच माणसं. त्यांचं काहीतरी बर्फाचं चाललेलं. काटेकोर वाट बघत राहिले. दार नाही, बायको नाही, आतला नाही, बाहेरचा नाही. वाद्यं वाजली आणि नावं वर सरकली. तो सगळा प्रश्न मालिकावाले विसरूनच गेले होते.

एरवी काटेकोर उभे राहून टीव्हीशी भांडले असते. शेजाऱ्यांनी आवाज कमी करा म्हणेपर्यंत भांडले असते. त्या दिवशी ते बसून राहिले. हात मांडीवर ठेवून, शहाण्या पाहुण्यासारखे.

बायकोनं टीव्ही बंद केला. मटारांऐवजी आज तिच्या मांडीवर काहीच नव्हतं. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीनं बोलू लागली.

"हे बघा, तुम्ही फार चांगले आहात हो. नळ केलात, माळा आवरलात, माझ्या मावसबहिणीचंसुद्धा ऐकलंत. तुमचे उपकार आहेत. पण आता असं करा, तुमचा ग्रह कुठला असेल तिकडे निघा, आणि आमच्या ह्यांना परत पाठवा."

काटेकोर खुर्चीच्या काठाशी सरकले.

"तू... तुला कधी कळलं?"

"सोमवारी. टॉवेलची घडी बघितली तेव्हाच."

"आणि आठवडाभर गप्प बसलीस?"

"नळ व्हायचा होता ना."

"नळ गुरुवारी झाला!"

"मग म्हटलं, खिडकीच्या जाळीचंही सुचेल त्याला. नाही सुचलं." ती हसली, मग हसू जरा वेळ ओठांवर ठेवून तिनं खाली पाहिलं. "काल बातम्यांत त्या बाईनं तीनदा चूक केली. मी वाट बघत होते तुम्ही ओरडाल म्हणून. ओरडला नाहीत. मला वाटलं, घरात मी एकटीच आहे."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आत कुठेच काही गळत नव्हतं.

"मग त्या चालकाच्या बायकोनं," काटेकोरांनी घसा साफ केला, "कुणाला घेतलं असेल आत?"

"बाहेरच्याला. विचारायचं काय त्यात? आतल्यानं बिचारीला भांडायला काही शिल्लक ठेवलं होतं का?"

"पण आवाज एकच, चेहरा एकच..."

"अहो, तो चेहरा बघतंय कोण एवढ्या वर्षांनी!"

 काटेकोर अचानक उठले, टीव्ही पुन्हा लावला आणि त्या काळ्या पडद्यावर येऊ घातलेल्या जाहिरातीला उद्देशून म्हणाले, "आणि बर्फ पिवळ्या ग्रहावर कसा? सूर्य एवढा जवळ दाखवलाय. वितळणार नाही? काही हिशोब आहे की नाही या लोकांना?"

बायकोनं डोळे मिटून खुर्चीला मान टेकली, आणि ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

सोमवारची सकाळ. सेक्रेटरी आपल्या खिडकीशी दात घासत उभे होते. जिना शांत होता. सबंध आठवडा होता तसाच. आणि मग वरून, बंद दारातून, दोन मजले उतरून, पलंगावर तिच्या बाजूला पडलेल्या ओल्या टॉवेलची सगळी ओल घेऊन ती हाक आली,

"अहो!"

सेक्रेटरींनी तोंडातला फेस थुंकला, भिंतीवरचं मागे पडलेलं घड्याळ पुढे केलं आणि आत वळून बायकोला सांगितलं,

"आले वाटतं परत."